सेल्फसाठी पाडलेलं भोक : एका जुन्या अॅम्बेसेडरचं प्रकरण

आषाढ अर्धा उलटला होता. दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून गुरुजींचा फोन आला. "भाऊ, सेल्फ पुन्हा अडकला. या खेपेले वेल्डर म्हनून रायला का समोरचा पत्राच कापून टाकू, म्हनजे इंजिन ट्रॅक्टरसारखं मोकळं. कापू देऊ काय?"

सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर. मी येईस्तोवर ग्राइंडरला हात लावू देऊ नका, एवढंच मी म्हणालो. अमरावतीहून निघून नेर-दारव्हा करत पोचलो तेव्हा गाडी गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. बॉनेट उघडं, आणि समोरच्या पत्र्यावर खडूने सरळ रेघ मारलेली. वेल्डरदादांनी माप घेऊन ठेवलं होतं.

गाडी १९६६ची मार्क टू. गुरुजींच्या वडिलांनी कापसाच्या एका चांगल्या वर्षी दुसऱ्याकडून घेतलेली. अॅम्बेसेडर हे मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचं भारतीय रूप. १९५७ पासून पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनू लागली, ती २०१४ पर्यंत. या गाडीत १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे, मूळचंच. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढची सीट अखंड, बाकासारखी. गुरुजींच्या घरची चार माणसं समोरच बसतात.

"अॅम्बेसेडरच्या बॉनेटखाली माणूस उभा राहू शकतो" असं म्हणतात, ते डावीकडून खरं आहे. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, सगळं हाताशी. उजवीकडची गोष्ट वेगळी. या इंजिनात डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, ऑइल फिल्टर आणि सेल्फ हे सगळं उजव्या अंगाला आहे, आणि आपल्याकडे स्टिअरिंगही उजवीकडे. त्या दांड्याबरोबर गिअरच्या सळयाही खाली उतरतात. सेल्फ सगळ्यांच्या खाली, डिस्ट्रिब्युटरच्या पोटाशी. वरून हात घातला तर बोटं पोचतात, पाना पोचतो, पण पाना फिरवायला जागा नाही. वरच्या बाजूने सेल्फ काढायला सरावाच्या हातालाही दीड तास लागतो.

यावर पूर्वी कोणीतरी उपाय केला होता. उजवं पुढचं चाक काढल्यावर दिसला. चाक आणि इंजिन यांच्यामध्ये जो आतला पत्रा असतो, आपल्याकडचे डेंटर त्याला एप्रन म्हणतात, त्यात छिन्नीने पाडलेलं एक भोक होतं. साधारण पाच इंच बाय सात. चौकोनी, कडा दातेरी, त्यावर टायरच्या ट्यूबचा तुकडा स्क्रूने मारलेला. चाक काढायचं, रबर बाजूला करायचं, हात आत घालायचा, की सेल्फचे बोल्ट समोर. वीस मिनिटांत सेल्फ बाहेर. गुरुजींच्या आठवणीप्रमाणे हे काम त्यांच्या वडिलांच्या हयातीतलं, म्हणजे निदान तीस वर्षं जुनं.

भोकाच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा दिसली. तीन इंच लांब, केसाएवढी, आणि गंजाच्या तांबूस रेषेने आखल्यासारखी. तिचा रोख मागे, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याकडे.

वेल्डरदादा आपल्या कामात पक्के. पंचक्रोशीतल्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रांच्या चौकटी, शाळेचं फाटक त्यांच्याच हातचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "गुरुजीले वर्षातून पाच खेपा सेल्फ काढा लागते. मंग काऊन तरास घ्याचा? समोरचा पत्रा कापतो, दोन्ही बाजूनं अँगल लावतो, चार बोल्ट. बोल्ट खोलले का पत्रा बाजूले. इंजिनबी सरळ समोरून ओढता येते." ट्रॅक्टर डोळ्यासमोर ठेवून पाहिलं तर यात काहीच चूक नाही. ट्रॅक्टरचं बॉनेट उचलून घरी ठेवलं तरी नांगरणी होते, कारण तिथे इंजिनचा ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं घर हाच ट्रॅक्टरचा कणा असतो. पत्रा नुसता टोपीसारखा वर बसवलेला. जीपचंही तसंच: खाली शिडीसारखी चेसिस, वर बोल्टने बसवलेली बॉडी. विलिसने १९५३ला सीजे-३बी काढली तेव्हा नवं इंजिन उंच होतं म्हणून त्यांनी बॉनेटच उंच केलं, आणि महिंद्राने तीच उंच नाकाची जीप आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. चेसिस वेगळी असली की पत्र्याशी असा खेळ परवडतो.

अॅम्बेसेडरला वेगळी चेसिसच नाही. फरशी, खालचे बॉक्ससारखे मेंबर (तुळया), फायरवॉल, एप्रन आणि समोरची आडवी पट्टी, म्हणजे खडूची रेघ मारलेला तो पत्रा, हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं आहे आणि मिळून चेसिसचं काम करतं. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या सळया आहेत, त्यांची मागची टोकं पार फरशीखाली धरलेली असतात. म्हणजे खड्ड्याचा बराचसा मार मागे जातो. पण चाक आडवं ओढतं, पिळतं, ब्रेकला पुढे झुकतं, ते सगळं नाकाकडच्या या पेटीला सोसावं लागतं. पेटीची समोरची बाजू कापून अँगल आणि चार बोल्टांवर आणली, तर उभ्या गाडीत काही कळणार नाही. पांदण रस्त्याने एक पावसाळा गेला की बॉनेट नीट बसेनासं होईल, बोल्टांची भोकं अंड्यासारखी होतील, आणि मग कोणीतरी आणखी जाड अँगल मारेल.

मी हे सगळं वेल्डरदादांना तोंडाने सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. मग शेडमध्ये बुटांचं एक रिकामं खोकं सापडलं. झाकण लावून पिळून पाहा म्हटलं; घट्ट. झाकणाची एक कड ब्लेडने कापून पुन्हा पिळायला दिलं. त्यांनी दोनदा पिळलं आणि खोकं खाली ठेवलं. "बरं," म्हणाले, "तं मंग हेरॉल्डचं कसं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. त्यांच्या लहानपणी दिग्रसला एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरॉल्ड होती आणि तिचं अख्खं नाक, मडगार्ड-दिव्यांसकट, पुढे कलंडायचं, हे त्यांनी पाहिलं होतं. बरोबर पाहिलं होतं. ट्रायम्फ हेरॉल्ड १९५९ला इंग्लंडात आली, आराखडा इटलीच्या मिकेलोत्तीचा, आणि मद्रासला स्टँडर्ड कंपनीने ती १९६०च्या दशकात बनवली. पुढच्या चाकावर बसून इंजिनचं काम करता येईल अशी दुसरी गाडी आपल्या रस्त्यांवर क्वचितच असेल. पण हेरॉल्डला खाली वेगळी चेसिस होती. नाकावर भारच नव्हता, म्हणून ते कलंडू शकत होतं. अॅम्बेसेडरला तसं नाक करायचं तर आधी चेसिस करावी लागेल.

इथवर सगळी चर्चा पत्रा कापायचा की नाही आणि कुठे कापायचा यावर चालली होती, आणि मीही त्यात रमलो होतो. चहा आला. गुरुजींच्या सूनबाईंनी चहा देता देता विचारलं, "पण काका, सेल्फ एवढा काढावाच का लागते?"

अर्धा दिवस गेला होता आणि हा प्रश्न आमच्या तिघांपैकी कोणीच विचारला नव्हता.

सेल्फ दरवेळी जळून काढला जात नव्हता. अडकत होता. या जुन्या सेल्फची रचना अशी: बटण दाबलं की मोटर एकदम फिरते, तिच्यावरचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, जडत्वामुळे मागे राहतं आणि आट्यांवरून पुढे सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये शिरतं. मिस्त्रीलोक या भागाला बेंडिक्स म्हणतात. दात धड असतील तर पिनियन घुसतं, इंजिन लागतं, पिनियन परत जातं. दात झिजलेले असतील तर पिनियन कडेवर आपटतं आणि अर्धवट शिरून पाचर मारल्यासारखं बसतं. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवायची. सुटलं तर सुटलं. सेल्फच्या टोकाला झाकणाखाली चौकोनी शाफ्ट असतो, तो पान्याने फिरवूनही पिनियन सोडवता येतं. गुरुजींच्या गाडीत ते झाकण गंजून जाम होतं, म्हणून मिस्त्री दरवेळी अख्खा सेल्फच काढायचे. पिनियन साफ करायचे, वर भरपूर ऑइल मारायचे. आणि तिथेच घोळ. बेंडिक्स कोरडं ठेवायचं असतं. ऑइलवर क्लचची धूळ बसते, चिखल होतो, पिनियन आळसावतं आणि पुन्हा अडकतं.

भोकातून टॉर्च लावून इंजिन हँडलने हळूहळू फिरवलं. रिंगच्या दोन ठिकाणी, बरोबर समोरासमोर, दहा-बारा दातांच्या कडा चावल्यासारख्या. बाकी रिंग जवळपास नवी. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे जवळजवळ त्याच दोन जागांवर येऊन थांबतं, त्यामुळे पिनियन आयुष्यभर तिथेच आपटत राहतं. म्हणजे हे भोक पाडण्याचं कारण ते बारा-बारा दात. तीस वर्षं सेल्फ झटपट काढायची सोय होती, म्हणून रिंगकडे कोणी वळलंच नाही.

पिनियनसमोर चांगले दात यावेत म्हणून रिंग उतरवून फिरवून बसवायची, तर इंजिन एकदा बाहेर काढणं आलं, आणि आम्ही पुन्हा त्या खडूच्या रेघेपाशी आलो.

गावात इंजिन उचलायचं साधन एकच: बोअरची मोटर काढायची तीन पायांची लोखंडी घोडी आणि एक टनाची चेन पुली. इंजिन दीडशे किलोच्या वर, त्यामुळे वजनाचा प्रश्न नव्हता, उंचीचा होता. पाय पसरल्यावर घोडी साडेसात फूट. पुलीने दीड फूट खाल्लं, हुक सहा फुटांवर. साखळीचा त्रिकोण एक फूट. तिथून इंजिनच्या तळापर्यंत सव्वादोन. म्हणजे ऑइल पॅन जमिनीपासून पावणेतीन फुटांवर लटकणार, आणि समोरची आडवी पट्टी तीन फुटांवर. तीन इंच कमी.

मग सूचना सुरू झाल्या. साखळी आखूड करा: कोन पसरट होतो आणि साखळीवर ताण वाढतो, नको. घोडीच्या पायांना पाइप जोडून वेल्ड करा: लटकत्या इंजिनखाली हात असताना नव्या वेल्डवर भरवसा, नको. शेजारचा एक पोरगा म्हणाला, जेसीबी बोलावू. जेसीबीने इंजिन उचललं जाईल यात शंका नाही. पण क्लचच्या मधून गिअरबॉक्सची शाफ्ट सरळ बाहेर यावी लागते, अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर क्लच प्लेट वाकते, आणि जेसीबीवाल्याचा अर्धा इंच म्हणजे आपला अर्धा फूट. शेडमध्ये खड्डा खणू, असंही निघालं. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा म्हणजे सकाळपर्यंत विहीर.

पट्टी कापायची नाही आणि घोडी वाढवायची नाही, तर राहिली गाडी. पुढची दोन्ही चाकं काढली आणि गाडी जॅकने हळूहळू उतरवत खालच्या मेंबरखाली सागाच्या ठोकळ्यांवर बसवली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नाक पाच इंच खाली आलं. तीन हवे होते, वर दोन इंच मोकळे मिळाले. बॉनेट, जाळी आणि रेडिएटर आधीच काढलेले. गिअरबॉक्सखाली जॅक लावून तो जागीच ठेवला. नाक खाली झुकल्यामुळे इंजिनही त्याच उतारावर पुढे ओढावं लागतं, आडवं नाही. हे पहिल्या झटक्याला विसरलो आणि शाफ्ट करकरली. दुसऱ्या वेळी वेल्डरदादांनी पुलीची साखळी धरली, मी इंजिनची शेपटी दाबून धरली, आणि ते पट्टीवरून दीड बोटाच्या अंतराने पलीकडे गेलं. खडूची रेघ तशीच.

फ्लायव्हील खोललं. त्यावर रिंग दाबून बसवलेली असते. वेल्ड नाही, बोल्ट नाही. गरम करून चढवायची, थंड झाली की आवळून बसते. मी हे समजावू लागलो तर गुरुजींनी थांबवलं. "म्हनजे धाव."

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती अगदी याच रीतीने. गावात आता रबरी टायरच्या गाड्या आहेत, पण धाव चढवणारे लोहारकाका होते, सत्तरीपुढचे. ते आले, रिंग हातात फिरवून पाहिली आणि पहिलाच प्रश्न योग्य विचारला, "याच्या दाताले पाणी दिलं हाय काय?" दिलेलं असतं, दात कडक केलेले असतात, आणि रिंग फार तापली तर ते पाणी उतरतं.

काढताना गॅसची ज्योत वापरली, कारण तिथे घाई लागते: फ्लायव्हील तापायच्या आधी रिंग तापली पाहिजे. खडूने खुणा केल्या, ज्योत गोल फिरवत राहिलो, आणि पितळी दांड्याने आजूबाजूने ठोकत रिंग उतरवली. चढवताना मात्र काकांनी ज्योत बाजूला ठेवायला लावली. गोवऱ्यांचं गोल कडं रचलं, रिंग त्यावर. ज्योत एका जागी जास्त भाजते, गोवऱ्यांची धग सगळीकडे सारखी. रिंगच्या बाजूवर दोन ठिकाणी पॉलिश पेपरने लखलखीत डाग केले होते, त्यांचा रंग पाहत बसलो. गव्हाच्या काडासारखा पिवळा आला की उचलायची. निळा येऊ द्यायचा नाही. दोनशे अंश वाढीला एवढी अकरा इंची पोलादी रिंग अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पसरते, आणि चढवायला तेवढं पुरतं.

जुन्या खुणेपासून पाव फेरा पुढे. झिजलेल्या दोन जागा समोरासमोर, त्यामुळे पाव फेऱ्याने पिनियनसमोर चांगले दात येतात. रिंग उलटी करूनही बसवतात काही जण. पण पिनियन शिरतं त्या अंगाच्या दातांना मूळचा उतार दिलेला असतो, तो मग मागे जातो. मी ते टाळतो.

पहिल्या वेळी फसलो. फ्लायव्हील मी शेडच्या ओल्या फरशीवर ठेवलं होतं, गार लोखंड. रिंग टेकवली आणि एका बाजूने दोन मिलिमीटर वर असतानाच आवळली. काका काही बोलले नाहीत, नुसत्या आणखी गोवऱ्या मांडल्या. ती पुन्हा उतरवून दुसऱ्यांदा चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. फ्लायव्हील या वेळी उन्हात तापवलेल्या फळीवर. रिंग टक्कन बसली, काकांनी हातोडीने गोल वाजवून आवाज ऐकला आणि बिडी पेटवली.

राहिलं ते भोक. माझं मत स्पष्ट होतं आणि ते मी मांडलं: भोक अंडाकृती करू, कडेने पत्र्याची दुहेरी पट्टी वेल्ड करू, वर रबर लावून बोल्टचं झाकण देऊ. चीर निघाली ती भोकामुळे नाही, भोकाच्या टोकदार कोपऱ्यामुळे. गोल कड आणि जाड किनार दिली तर ताकद राहते आणि सेल्फही वीस मिनिटांत निघतो. आजही दुसऱ्या कोणाची रोजच्या वापरातली गाडी असती तर मी तेच केलं असतं.

गुरुजी नाही म्हणाले. त्यांच्या मुलाने फोनवर नियम वाचून दाखवला होता. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार न केलेली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अशी गाडी रोज चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कामांपुरतीच. त्यांना आताच ती नोंदणी नको होती, बाजाराला गाडी लागते. "पन उद्या पोराले वाटलं तं? माह्या हातानं दरवाजा काऊन बंद करू?" शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सगळ्याच गाड्यांना लागू आहे: नोंदणीपत्रातला तपशील मूळ बनावटीशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ला तेच ठामपणे सांगितलं. एप्रनमधलं भोक नोंदणीपत्रात दिसत नाही, हे खरं. समोरची पट्टी कापून बोल्टवर आणली असती तर पाहणाऱ्याला लगेच दिसलं असतं.

मग भोक बुजवलं. ते वेल्डरदादांनी केलं, आणि सुरेख केलं. आधी बॅटरी आणि पेट्रोलची नळी काढली. चिरेच्या अगदी टोकाला चार मिलिमीटरचं छिद्र. टोक बोथट झालं की चीर पुढे धावत नाही. मग चीर वेल्ड करून घासली. भोकाच्या दातेरी कडा गोल कापल्या, १८ गेजचा तुकडा वाकवून आतून बसवला, आणि एका दमात शिवण न घालता थोडं थोडं टाके घातले, पत्रा तापून फुगू नये म्हणून. दोन्हीकडून झिंक प्रायमर. वरून पुट्टी मारू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं, पुढे कधी चीर निघालीच तर दिसायला हवी.

सेल्फच्या टोकाचं झाकण सोडवून ग्रीस लावून परत बसवलं, आता ते हाताने निघतं. बेंडिक्स रॉकेलने धुऊन कोरडं. इंजिनची अर्थिंगची (वीज परत नेणारी) पट्टी काळी पडली होती, तीही बदलली. सेल्फ मंद फिरला तर पिनियन जोरात फेकलं जात नाही आणि पुन्हा कडेवर अडकतं.

तीन दिवस लागले, त्यातला एक माझ्या ओल्या फरशीने खाल्ला. आषाढापासून कार्तिकापर्यंत सेल्फ एकदाही काढावा लागलेला नाही. हँडल मात्र गुरुजी अजून सीटखाली ठेवतात. टॅपेटच्या बाजूच्या झाकणातून ऑइल गळतं आहे, डावीकडे, मॅनिफोल्डच्या खाली; तिथे पोचायला मॅनिफोल्ड उतरवावा लागेल. ते कापूस वेचून झाल्यावर करू, असं ठरलं आहे.